वन्संचे धपाटे

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात माझ्या नणंदेसारखे धपाटे दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगते. ज्वारीच्या पिठाचे, तव्यावरचे धपाटेही वन्सं झकास करतात; पण मी म्हणते ते माझ्या लेकीच्या, सईच्या पाठीवरचे. सईला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. छातीत डिंकासारखा चिकट कफ धरतो, तो रोज सकाळ-संध्याकाळ सुटा करून काढायचा, नाहीतर पोरगी तापानं फणफणून दवाखान्यात. फिजिओथेरपीच्या बाईंनी हात खोलगट करून पाठ कशी थापायची ते दाखवलं, तेव्हा मला काही केल्या जमेना. एक तर चापट बसायची, नाहीतर नुसतंच गोंजारणं व्हायचं. मुरुमहून सोबतीला आलेल्या वन्संनी मला बाजूला सारलं. "सर गं. ह्ये तर धपाटंच थापायचं हाय की!" आणि असा काही गोल, पोकळ आवाज काढला, की त्या बाई बघतच राहिल्या. चार दिवसांसाठी आलेल्या वन्सं मग आमच्याकडेच राहिल्या.

त्यांचा कारभार म्हणजे काय विचारता! भरल्या पोटी पाठ थापायची नाही, म्हणून सईच्या आधी घरात कुणी जेवायचं नाही, हा त्यांनीच वाढवलेला नियम. थापून झालं की आरशावर वाफ सोडावी तसं तोंड उघडून "हाऽऽ" करायचं; ते सईबरोबर त्याही करायच्या, एवढ्या जोरात की दारातला दूधवाला दचकायचा. कफ पडला की सण! पंगतीला बसलेल्या पाहुण्यांना आनंदानं सांगायच्या, "आज लई सुटला बघा!" पाहुण्यांचा घास हातातच. एकदा तुळजापूरच्या एसटीत कंडक्टर खोकला, तर त्यालाही यांनी वाकवून थापलं. बिचारा तिकिटं विसरला.

मग एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. मॅडम गंभीर. "सई म्हणते, आत्या रोज दोनदा धपाटे देते."

"व्हय, देते की," वन्सं म्हणाल्या. "न दिऊन कसं चालंल?"

"अहो, रडत नाही का ती?"

"पयलं लई रडायची. आता झोपूनच जाते."

मॅडमचा चेहरा पांढराफटक! मला हसू आवरेना, त्यामुळं खुलासा करायलाही वेळ लागला. तोवर वन्संनी मॅडमना पाठमोरं वळवून प्रात्यक्षिक सुरूही केलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत तव्यावरचे धपाटे पोचले, शेंगाच्या चटणीसकट.

यंदा त्या फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, सई मोठी झाली, आता श्वासाचे व्यायाम आणि फुंकायचं यंत्र पुरे, थापायची गरज नाही. मला रडूच आलं आनंदानं. महिनाभर सईनं एकटीनं सगळं केलं. वन्सं दाराआडून कान देऊन ऐकायच्या. खोकला मोकळा, छाती साफ. मग एका सकाळी त्यांनी पिशवी भरली. "माझं काम झालं. मुरुमचं घर बंद पडलंय."

सई यंत्र बाजूला ठेवून आली. "आत्या, पाठीकडं माझा हात पोचत न्हाय."

"आता गरज न्हाय म्हनल्यात न्हवं त्या बाई?"

"त्यांना न्हाय. मला हाय."

वन्संनी माझ्याकडं पाहिलं. मी भाजी निवडण्यात फार गुंतले होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "जेवली न्हाईस ना? हो उपडी."

तेव्हापासून रोज सकाळी ते दोघींचं चालतं. वन्संचा हात आता इतका हलका पडतो, की कफ सोडाच, पाठीवरची माशीसुद्धा उडायची नाही. सई डोळे मिटून पडून असते. ही पोर उद्या शिकायला पुण्याला-बिण्याला जाईल, हे आम्हा तिघींनाही कळतं. तोवर स्वयंपाक तयार असला, तरी त्या दोघींचं आटपेपर्यंत मी जेवायला हाक मारत नाही.