दोन आमेनांचा वर्ग

आमच्या नववी ब मध्ये रोज सकाळी दोन आमेन व्हायचे. बाकी सगळ्या वर्गांत एकच.

गोंदियातल्या त्या कॅथलिक हायस्कुलात प्रार्थना इंग्रजीत असायची, आणि ख्रिस्ती नसलेली आम्ही पोरंही ती हात जोडून म्हणायचो. खिडकीकडच्या बाकांवर शहरातली पोरं बसायची, आडतवाल्यांची, भातगिरणीवाल्यांची, रेल्वेवाल्यांची. भिंतीकडे आम्ही, मुर्री-नागऱ्याकडून चिखल तुडवत येणारे. प्रार्थनेचा अर्थ दोन्हीकडे कोणालाच कळत नसे, त्यामुळे वेगाला भरपूर वाव होता. शहरवाले ती धडाधडा म्हणून मोकळे व्हायचे. आम्ही एकेक शब्द चावून म्हणायचो, कारण चुकला तर छडी आपल्यालाच बसणार याची खात्री. त्यांचं आमेन आधी, आमचं मागाहून. पुढे पुढे तो हट्टच झाला. ते मुद्दाम लवकर संपवू लागले आणि आम्ही मुद्दाम लांबवू लागलो. आमचं आमेन जास्त चांगलं होतं, हे मी आजही कोणाशीही वाद घालून सांगेन.

शहरवाल्यांचा म्होरक्या होता एका गिरणीवाल्या शेठजींचा पोरगा. गोरा, गोलमटोल, पायात बूट. माझं त्याच्याशी दिवसातून एकदा तरी वाजायचंच. विषय लागत नसे. भूगोलाच्या तासाला मी उभा राहिलो की तो खोकायचा, आणि तो फळ्याकडे निघाला की माझा पाय वाटेत असायचा.

जुलैच्या शेवटी एका सकाळी फादर प्रिन्सिपल दाराबाहेर उभे होते. आमचं दुसरं आमेन संपलं आणि ते आत आले. फादर दक्षिणेकडचे, पण मराठी पुस्तकावरून शिकलेले, त्यामुळे त्यांचं मराठी आमच्या मास्तरांपेक्षा शुद्ध होतं.

"एका वर्गातून दोन आमेन येतात," ते म्हणाले. "याचा अर्थ हे दोन वर्ग आहेत. मी त्यांना वेगळे करीन. अर्धे अ मध्ये जातील, अर्धे क मध्ये."

मला वाटलं होतं मला आनंद होईल. झालं भलतंच. अ तुकडीत इस्त्रीवाली हुशार पोरं, क मध्ये नापास झालेली थोराड पोरं. तिथे मी कोणाशी भांडणार होतो? शेठजीच्या पोराकडे पाहिलं तर त्याचाही चेहरा उतरलेला. दोन वर्षं खपून घासूनपुसून तयार केलेलं आमचं भांडण असं कोणीतरी उचलून फेकून देणार, याचा मला भयंकर राग आला.

सगळा वर्ग फादरांच्या मागे व्हरांड्यात गेला. आर्जवं झाली. शेवटी ते म्हणाले, "पंधरा ऑगस्टला रस्सीखेच आहे. एक वर्ग म्हणून ओढून दाखवा. मग मी विचार करीन."

पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेत दुहेरी सण असायचा. स्वातंत्र्याचा झेंडा आणि मरियेचा सण एकाच दिवशी. झेंडावंदन, चर्चमध्ये मिस्सा, मग मैदानावर खेळ. आणि रस्सीखेचीत निवडक पोरं नसायची, अख्खा वर्ग दोराला लागायचा. आमची गाठ नववी अ शी होती.

सराव केला. शहरवाले 'जोर लगाके' वर ओढायचे आणि आम्ही 'हैय्या' वर. दोर आमच्या आमच्यातच हेलकावे खायचा. सातवीच्या चिमुरड्यांशी खेळून पाहिलं, तर त्यांनी आम्हाला फरफटत नेलं. त्यानंतर दोष कोणाचा यावर जी हाणामारी झाली, तिच्यात मात्र आम्ही सगळे एकजुटीने होतो.

मुर्रीचा एक पोरगा आमच्यात होता, फार न बोलणारा. तो शर्ट झटकत म्हणाला, "आमच्या बांधीत बाया दिवसभर मांगं मांगं जातेत. एकीचा पाय इकडंतिकडं नाई पडत. चला, काकूले विचारू."

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. रविवारी सगळा नववी ब मुर्रीला धानाच्या बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या काठावर उभा. त्या मुर्रीच्या पोराची काकू, लुगड्याचा काष्टा खोचलेली, गुडघाभर चिखलात. तिने आमच्याकडे पाहिलं आणि विशेषतः शेठजीच्या पोराच्या बुटांकडे.

"काऊन रे बाबू, वरातीले चाललास का?"

"नहीं काकी, सीखने आया हूँ," तो म्हणाला, आणि बूट काढून बांधीत उतरला. पहिल्याच पावलाला तो मांडीपर्यंत गेला. त्याला बाहेर काढताना आम्ही चौघं आत गेलो.

काकूने आम्हाला एका ओळीत उभं केलं, हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या जुड्या दिल्या. नियम सांगितले. वाकायचं, रोप खोचायचं, सगळ्यांनी मिळून एक पाऊल मागे. "आन मांगं वळून पाहाचं नाई. टाच धुऱ्याले लागली का समजायचं बांधी सरली. तवाच उभं राहायचं." धुरा म्हणजे बांधीचा मागचा बांध. मग बायांनी गाणं धरलं. 'सरक बाई मांगं, हिरवी झाली बांधी.' 'मांगं' म्हटलं की पाऊल. वेगळी आज्ञा लागतच नाही. ज्याचं पाऊल चुकलं तो बसकण मारतो आणि बाया हसतात, एवढीच शिक्षा. तेवढी पुरेशी होती.

दुपारपर्यंत आम्ही चिखलाचे पुतळे झालो होतो. सगळी ओळ एका चालीत मागे सरकत होती. शेठजीचा पोरगा माझ्या शेजारी वाकलेला, घाम गाळत, सगळ्यांपेक्षा मोठ्याने गात होता. धुऱ्यावर बसून काकूच्या हातची भाकर आणि चटणी खाताना त्याने स्वतःच्या डब्यातल्या पुऱ्या माझ्यापुढे सरकवल्या. मी खाल्ल्या. माझा राग तसाच होता, पण पुऱ्या चांगल्या होत्या.

एक गोष्ट मात्र आम्ही गावची पोरं शहरवाल्यांना बोललो नव्हतो. ते गाणं बायांचं. बांधीत ठीक, पण अख्ख्या शाळेसमोर, पाहुण्यांसमोर, मिशी फुटू लागलेल्या पोरांनी 'सरक बाई' म्हणायचं? आम्ही गुपचूप ठरवलं, चाल मनातल्या मनात धरायची.

पंधरा ऑगस्ट उजाडला. मैदान ओलंगच्च. कुंपणाबाहेर झेंडा पाहायला गावातल्या बाया आलेल्या, त्यात माझी मायही. मैदानाच्या एका टोकाला फादरांचा लाडका कर्दळीचा वाफा, कडेने विटा लावलेला, आणि त्याच्या अलीकडे पाहुण्यांच्या खुर्च्या. आम्ही त्या बाजूला पाठ करून उभे राहिलो. दोराच्या टोकाला कंबरेशी वेढा घेऊन शेठजीचा पोरगा.

शिट्टी झाली. शहरवाले आम्ही गाणं धरण्याची वाट बघत राहिले, आणि आमची मनातल्या मनातली चाल प्रत्येकाची वेगळी निघाली. अ तुकडीने एक हिसका दिला आणि आम्ही पुढे घसरलो. आणखी एक हिसका. मधली रेघ माझ्या पायाशी आली. माझ्या डोळ्यांपुढे क तुकडीचा शेवटचा बाक दिसू लागला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "सरक बाई मांगं." शेठजीचा पोरगा. हिंदी वळणाने, बेसूर, बिनदिक्कत. त्याला बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं की लाजायचं असतं. मैदान खो खो हसू लागलं. अ तुकडीवाले तर दोर धरूनच हसत होते. आणि मग कुंपणापलीकडून माझ्या मायने पुढची ओळ उचलली, तिच्या मागून सगळ्या बायांनी.

आता मी कोणाला लाजणार? मी तोंड उघडलं. सगळा नववी ब गाऊ लागला. 'मांगं' आलं आणि अख्खा वर्ग एक पाऊल मागे गेला. परत 'मांगं', परत एक पाऊल. रेघ गेली, अ तुकडी हसता हसता आमच्याकडे येऊ लागली. शिट्टी वाजली असं नंतर सगळे सांगतात. आम्हाला ऐकू आली नाही. शिवाय काकूने शिट्टीबद्दल काही सांगितलंच नव्हतं. मागे वळून पाहायचं नाही, टाच धुऱ्याला लागेपर्यंत थांबायचं नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. पाहुणे खुर्च्या सोडून पळाले. सरबताचं टेबल आडवं झालं. टाच कर्दळीच्या विटांना लागली, शेठजीचा पोरगा वाफ्यात उताणा पडला, त्याच्यावर आम्ही आणि आमच्यावर नववी अ.

फादरांचा पांढरा झगा चिखलाने भरला होता. त्यांनी चष्मा पुसला, मोडलेल्या कर्दळींकडे बघितलं, मग आमच्याकडे. "जिंकलात," ते म्हणाले. "वर्गाचं मी उद्या सकाळी सांगीन."

दुपारी आम्हीच कर्दळी पुन्हा लावल्या. ओळीत वाकून, मागे मागे सरकत. कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला उभे राहिलो तेव्हा दाराच्या फटीतून चिखलाचे डाग पडलेला झगा दिसत होता. कोणत्या वेगाने म्हणायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. पहिला शब्द निघाला आणि माझ्या लक्षात आलं, पलीकडच्या बाकाशी उभा शेठजीचा पोरगा टाचेने हळूच जमिनीवर ठेका देतोय. बांधीतलाच ठेका. खिडकीकडे तोच, भिंतीकडेही तोच. ती इंग्रजी प्रार्थना आम्ही रोवणीच्या चालीत अखेरपर्यंत नेली.

आमेन एकच आलं. मी डोळे मिटून उभा राहिलो.

आणि मग दुसरं आमेन आलं, दाराबाहेरून, एकट्या माणसाचं, हसू दाबलेलं. त्यानंतर फादरांची पावलं आत न येता व्हरांड्यातून पुढच्या वर्गाकडे गेली.