फेटा नको म्हणणारा पाहुणा

नव्या फेट्याच्या खळीचा वास आला, की मंगळवार पेठेतल्या आमच्या घरची, नव्वदच्या दशकातली बायबलवाचनाची एक संध्याकाळ आठवते. रस्त्यावरून बोलावून आणलेल्या पाहुण्याला, अंगावर लग्नाचा पोशाख नाही म्हणून येशूच्या दाखल्यातल्या, म्हणजे बोधकथेतल्या, राजानं आपल्या मुलाच्या लग्नातून बाहेरच्या अंधारात का टाकलं, असं चर्चच्या पाळकांनी विचारलं. "अन्याय हाय ह्यो!" मामा गरजले. चहा देता देता मामी म्हणाली, "दारातच फेटा बांधत्यात की! ह्यानं नको म्हटलं असंल, डोकं तापतंय म्हणून." महिन्यापूर्वी ताईच्या लग्नात अगदी हेच सांगून मामा बोडक्या डोक्यानं पहिल्या पंगतीला बसले होते, त्यामुळे पाळकांसकट सगळे खो खो हसले. काल माझ्या मुलाच्या लग्नात, भर दुपारी, म्हातारे मामा सगळ्यांच्या आधी फेटेवाल्यापुढं डोकं करून उभे राहिले. म्हणाले, "बांध बाबा लवकर, बाहेर लई अंधार हाय!"