शेंदूर लागलेला माल

घ्यायची वस्तू तो आधी पालथी करायचा. मग ती घागर असो, चप्पल असो, नाहीतर घोडेगावच्या बाजारातलं वांगं. दुकानदार वैतागला की म्हणायचा, "तोंड समदेच धुत्यात, राव. बूड दाव." एकदा कोंबडी उलटी धरून तिचे तळपाय बघत बसला, तेव्हा विकणारी बाई म्हणाली, "पावणं, सून करून नेताय का तिला?" तुमच्याही गावात असा एखादा असेल. त्याच्यासोबत बाजाराला जायला कुणी तयार नसतं, अन् मोठं काही घ्यायचं झालं की सगळे त्यालाच बोलावतात.

डिंभ्याच्या धरणात आम्ही दोघं एका होडीवर जाळी टाकायचो. आमचं जुनं गाव त्याच पाण्याखाली आहे. देऊळ बुडायच्या आधी गावदेवीचा, म्हणजे आमच्या आईचा, पितळी मुखवटा त्याच्या बापानं डोक्यावर घेऊन वर आणला. चढाला बाप घसरला अन् आईच्या डाव्या गालाला पोचा आला. पुजारीपण त्यांच्याकडं, म्हणून वर नवं देऊळ होईपर्यंत मुखवटाही त्यांच्याच घरात असायचा. तिथूनच तो चोरीला गेला. घरची सगळी लग्नाला गेली होती. गाव तोंडावर काही बोललं नाही. माघारी मात्र चालायचं, "कडी न मोडता चोर आत गेला म्हनं."

हे त्याच्या जिवाला लागलं. पुढं हातात मोबाईल आला तसा तो होडीत बसून जुन्या मूर्तींचे फोटो धुंडाळायला लागला. मुंबईची एक कंपनी असल्या वस्तूंचा लिलाव मोबाईलवरच करायची. एक दिवस हातातलं जाळं सोडून ओरडला, "गड्या, आई! ह्यो बघ पोचा!"

मी पाहिलं. डावा गाल, तोच पोचा. म्हणालो, "पोलिसात जाऊ."

"त्ये कागद मागतील. तवर आई कुनाच्या तरी दिवाणखान्यात जाऊन बसंल."

त्यानं होडीचं इंजिन विकलं, बोली लावली अन् जिंकली. आम्ही वल्ह्यावर आलो. मी कुरकुरलो नाही. आई कुणा एकट्याची नव्हती.

खोकं आलं त्या दिवशी वाजंत्री होती. देव घरी आला की आमच्यात आधी दुधानं न्हाऊ घालतात, शेंदूर-तेल लावतात. तसंच केलं. त्या दिवशी पालथं काही झालं नाही. मग नव्या देवळात बसवायला म्हणून त्याच्या म्हाताऱ्या चुलतीनं मुखवटा उचलला अन् तशीच थांबली. "ही आई न्हाई. आईला उचलताना माझं मनगाट भरून यायचं."

तेव्हा कुठं त्यानं मागची बाजू पाहिली. आतून कोरं पितळ, ग्राइंडरचे ताजे ओरखडे. खऱ्या मुखवट्यावरून साचा काढलेला, म्हणून पोचासुद्धा हुबेहूब उतरला होता.

त्यानं कंपनीला फोन लावला अन् सगळं सांगितलं, न्हाऊ घातलं, शेंदूर लावला तेही. मी शेजारीच होतो. पलीकडची बाई गोड बोलत होती.

"सर, फोटोखाली इंग्रजीत लिहिलं होतं, ही प्रतिकृती आहे म्हणून."

"मला इंग्रजी येत न्हाई. फोटू आईचा व्हता."

"मुदतीत परत घेतो आम्ही. पण वस्तू जशी पाठवली तशीच हवी. तुम्ही रंग लावलाय."

"शेंदूर हाय, बाई."

"आधी मागून बघून घ्यायचं ना, सर."

"आईला पालथं घालू?"

मग त्यानं विचारलं, "साचा काढला म्हंजी खरी आई कुनापाशी तरी हाय. कुनापाशी?"

"विकणाऱ्याचं नाव सांगता येत नाही, सर."

मी चौथी शिकलेला. तरी पुण्याला ग्राहकांची तक्रार घेतात हे मला ठाऊक आहे. म्हणालो, "चल, मी येतो संगं. इंग्रजीत बारीक लिहून फसवत्यात म्हनून सांगू."

"तिथं उभा ऱ्हाऊन काय म्हनू? आई खोटी निघाली?"

गेला नाही. गावानं बैठक घेतली अन् मुखवटा देवळात येऊ द्यायचा नाही असं ठरवलं. एकजण त्याच्यासमोरच बोलला, "खरी ह्यानंच इकली, आन् आता खोटी आनून बसिवतोय." म्हणजे कंपनी म्हणते, देवी केलीत, परत घेत नाही; गाव म्हणतं, ही वस्तू आहे, देवळात घेत नाही. मी त्या बैठकीतून उठून आलो तो परत गेलो नाही.

त्याच्या बायकोनं, वहिनींनी, मला नंतर सांगितलं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी तो परसात रॉकेलचं फडकं घेऊन बसला होता. एका डोळ्यावरचा शेंदूर पुसला अन् हात थांबला. फडकं चुलीत टाकलं. मुखवटा घरातल्या फळीवर ठेवला.

होडीवर यायचं त्यानं सोडलं. थंडीत गेला. डॉक्टर म्हणाले, छातीचं दुखणं. मी डॉक्टरांचं ऐकून घेतलं.

आता कुणाचं पार्सल आलं की मी दारात जाऊन सांगतो, उघडताना मोबाईलवर चित्रण करा, मागून-पुढून बघा, मग काय ते हार घाला. पोरं हसतात. हसू देत.

चैत्रात पालखी निघाली. पूर्वी ती त्यांच्या दारात टेकायची. वहिनी कळशी घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायला. खांदेकरी थांबले नाहीत. वाजंत्री वळणापलीकडं गेली तरी वहिनी तशाच उभ्या. मग वाकल्या अन् कळशीतलं पाणी सावकाश रिकाम्या रस्त्यावर घातलं.