ओब्दुलियाच्या भिंतीवरचं भांडण

मेक्सिकोतल्या वेराक्रूझच्या कॉफीच्या डोंगरात राहणारी ओब्दुलिया, गावाच्या तोंडी ‘दोन्या’ म्हणजे बाई, शाळेचे गणवेश शिवायची. ती स्वतः वाचायला शिकली ती लग्नानंतर, प्रौढांच्या वर्गात. पण मग अशी काही गोडी लागली, की नगरपालिकेच्या मागे लागून तिने दोन खोकी पुस्तकं आणवली आणि दर शनिवारी गावातली पोरं ओसरीवर बसवायला लागली. येणाऱ्याला गोड पाव आणि पेलाभर गरम आतोले, म्हणजे मक्याची पातळ खीर.

पोरं यायची, पाव खायची. पुस्तकांचे गोलपोस्ट व्हायचे, पुस्तकांनीच माश्या मारल्या जायच्या. आया म्हणायच्या, "दोन्या, तुमच्यामुळे शनिवारी घरात शांतता असते हो!" ओब्दुलियाचा जळफळाट व्हायचा. मी काय पोरं सांभाळायला बसलेय?

एका शनिवारी तिने पोरांना वाचलेली गोष्ट सांगायला लावली, तर एकामागून एक सगळ्यांनी तीच गोष्ट सांगितली, चुकासुद्धा त्याच. एकाने वाचलेली, बाकीच्यांनी ऐकलेली.

"पाव बंद!" ती कडाडली.

दुसऱ्या दिवशी घराच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं दिसलं : ‘कंजुस म्हतारी’.

ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. शिवी झोंबलीच, पण त्याहून झोंबलं ते शुद्धलेखन. चुलीतला कोळसा आणून तिने दोन्ही शब्द दुरुस्त केले आणि खाली लिहिलं : ‘म्हातारी मान्य. कंजूस नाही. फुकट पाव कोणी खाल्ला?’

संध्याकाळी उत्तर आलं : ‘तुमची पुस्तकं रटाळ आहेत.’

‘मग स्वतः लिहा की!’ तिने खरडलं.

लिहिलं ते यादिराने, ट्रकवाल्याच्या मुलीने. ओसरीवर ही पोरगी कधी तोंड उघडत नसे. कॉफी वाळवायच्या अंगणात रात्री फिरणाऱ्या बाईची गोष्ट, रोज थोडी थोडी. शाळा सुटली की पोरं भिंतीपुढे गर्दी करायची, मोठ्याने वाचायची, "असं नसतं भूत!" म्हणून भांडायची, आणि ते भांडणही शेजारी लिहून ठेवायची. ओब्दुलिया शिलाई सोडून बाहेर यायची, चुका दुरुस्त करायची, वर पुटपुटायची, "तोंडाने नीट बोलता, मग लिहिताना काय होतं रे तुम्हाला?"

मग गावदेवतेचा उत्सव आला. ओब्दुलिया कापड आणायला शहरात गेली, आणि परत येते तो भिंत दुधासारखी पांढरी. नवरा, फिलेमोन, ब्रश धूत होता.

"हे काय केलंस?"

"उत्सव आहे अगं. मिरवणूक दारावरून जाणार. लोक काय म्हणतील?"

"लोकांना वाचता येत असतं तर काहीतरी म्हणाले असते!"

त्याने ब्रश झटकला. मग हळूच म्हणाला, "पण ती बाई अंगणात का फिरते, ते कळलं का गं पुढे?"

ओब्दुलिया थक्क झाली. "तू वाचत होतास?"

"सकाळची कॉफी पिताना. रोज."

"आणि तरी पुसलंस?"

"उत्सव आहे ना," तो म्हणाला.

ती त्याच्याशी उत्सवभर बोलली नाही. यादिराला तिने कपड्याचे नमुने कापायचा मोठा कागद देऊ केला. पोरीने नाक मुरडलं. "कागदावर म्हणजे गृहपाठ, दोन्या. आणि तो वाचणार कोण? तुम्हीच."

शेवटी फिलेमोनने मागची, कोंबड्यांच्या खुराड्याजवळची भिंत लिहायला दिली. तिथे वास येतो म्हणून बरीचशी पोरं फिरकलीच नाहीत. यादिरा आली, सोबत तिच्या दोन मैत्रिणी. गोष्ट तिने पहिल्यापासून लिहायला घेतली, या वेळी वेगळीच. जुनी आठवत नाही म्हणाली. ओब्दुलियाला जुनी शब्दन्‌शब्द पाठ होती, पण तिने ती सांगितली नाही. नुसती चरफडत खुराडं झाडत राहिली.

पुस्तकांची खोकी ओसरीवर तशीच आहेत. शनिवारी ती अजूनही बसते, रागातच. आणि कोणी दारावरून गेलं की आधी त्याच्यावरच डाफरते, "ये इकडे, वाचून दाखव."