नांदेड ते किल्लारी: 'बघून ठरवू' म्हणून निघालेली ट्रिप

मे महिन्यात मराठवाड्यात कुणी फिरायला जातं का, असा प्रश्न दरवर्षी मला या ब्लॉगवर विचारला जातो. उत्तर एकच आहे. माझं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे, उन्हाळ्यात बॅटऱ्या फार बसत नाहीत आणि मुलांना सुट्टी असते, म्हणून आम्ही जातो. महाबळेश्वर वगैरे लोकांनी आमच्या नावावर कृपया टाकू नये. आमची छोटी सेकंडहँड गाडी, बायको वर्षा, बारा वर्षांची मुक्ता, सहा वर्षांचा समर आणि पाण्याचा वीस लिटरचा जार, एवढा लवाजमा असतो. या वर्षीच्या ट्रिपबद्दल लिहायला मला चार महिने लागले. का, ते वाचताना कळेल.

या वेळी रस्ता मुक्ताने वहीत लिहून ठरवला होता. नांदेडहून लातूर, लातूरहून औसा, मग किल्लारीला माझ्या आत्याकडे मुक्काम आणि परत. आत्याच्या अंगणात तंबू ठोकायचा हीही तिचीच कल्पना. वर्षभर मागे लागून तिने निळा तंबू मागवून घेतला होता आणि हॉलमध्ये दोनदा उभा करून पाहिला होता. लातूर मात्र तिच्या वहीत माझ्यामुळे आलं. लातूरला आठवीपासूनच्या मुलांची फाउंडेशन बॅच असते. बारावीनंतरच्या डॉक्टर-इंजिनिअरच्या परीक्षांची तयारी आतापासूनच. मुक्ताने त्यांची चाचणी दिली होती आणि तिचा नंबर लागला होता. "मला तिथं राहायचं नाही," ती म्हणाली. मी म्हणालो, "आधी बघ तरी. बघून ठरवू."

पैसे मी आधीच्याच आठवड्यात भरून आलो होतो. वर्षा म्हणाली, "तिला खरं सांगा." मी म्हणालो, ट्रिपचा विचका होईल, परत येताना सांगू.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो. मुलं बरोबर असतील तर मे महिन्यात सहाच्या आत शहराबाहेर पडा, नाहीतर अकरानंतर गाडीचा दरवाजा हाताला चटका देतो. विष्णुपुरीला थांबलो. धरणाचं पाणी खाली गेलं होतं, काठावर भेगा पडलेला चिखल उघडा पडला होता, तरी गोदावरी रुंद दिसत होती आणि वारा गार होता. समरने दगड फेकून घेतले. तिथून लोहा, अहमदपूर, चाकूर असा सरळ रस्ता आहे. बहुतेक ठिकाणी चांगला, पण वळणरस्त्यांचे बोर्ड उशिरा दिसतात, तेव्हा वेग सांभाळा. अहमदपूरच्या अलीकडे एका टपरीवर सुशीला खाल्ली. मुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात, वरून शेंगदाण्याचं कूट. मुलांना तिखट लागत नाही आणि चौघांचं पोट शंभर-दीडशेत भरतं. मुक्ता खिडकीला डोकं टेकून गावांची नावं वहीत लिहीत होती. मी आरशातून तिच्याकडे पाहायचं टाळत होतो.

लातूरला साडेदहाला पोचलो. लॉज साधा होता, हजाराच्या आत, पण बाथरूममध्ये पाटी होती, 'माणशी एक बादली'. पाण्याच्या बाबतीत लातूरकर चेष्टा करत नाहीत, आपणही करू नये. संध्याकाळी गंजगोलाईला गेलो. मधोमध देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. मुक्ताने ते मोजायला घेतले आणि पंधराच भरले, म्हणून पुन्हा पूर्ण चक्कर मारली. समर रसवंतीवर दोन ग्लास रस प्यायला. तेवढा एक तास आम्ही खरोखर फिरायला आलो होतो.

मग मी गाडी क्लासच्या भागात वळवली. तिथे जागा सापडेल तिथे मुलांच्या फोटोंचे मोठमोठे बोर्ड, फोटोखाली मार्क. घराघरावर पाट्या, 'मुलींसाठी रूम मिळेल', 'घरगुती मेस', 'अभ्यासिका, कूलरसह'. समरने मान वर करून विचारलं, "ताई, एवढी सगळी मुलं हरवली का?" त्याने फोटो लावलेले पाहिले होते ते फक्त हरवलेल्या माणसांचे. मुक्ता हसली. मलाही हसू आलं आणि मग आलं नाही.

चहाच्या गाड्यावर माझ्यासारखे दोन बाप उभे होते. एकाने दुसऱ्याला विचारलं, "पोरगं कुठल्या बॅचला?"

"रिपीटर."

"कितवं वर्ष?"

"दुसरं हाय. औंदा व्हईल म्हणून राहिलाय." तो बशीत चहा ओतत राहिला. "व्हायलाच पाह्यजे. घरी यायला नको म्हणतोय."

मुक्ता माझ्या शेजारीच होती. वसतिगृह आम्ही बाहेरून पाहिलं, आत पाहणी नंतर, असं मी म्हणालो. रात्रीच्या जेवणाला निलंगा राईस घ्या, दोन प्लेटमध्ये चौघं जेवतात.

दुसऱ्या दिवशी लवकर उठून औशाचा किल्ला पाहिला. तटबंदी अजून धड आहे, खंदक खोल आहे, मुलांना हाताशी धरा. सावली नाही, म्हणून नऊच्या आत पाहून मोकळे व्हा. लामजन्यावरून किल्लारी तासाभरात येते. नवं किल्लारी म्हणजे सरळ रेषेतल्या गल्ल्या आणि एकसारखी घरं, भूकंपानंतर वसवलेली. जुन्या गावाची जागा थोडी बाजूला आहे. तिथे बाभळी माजल्यात, पायाखाली दगड लागतात आणि गल्ली कुठून जात होती ते सांगायला माणूस लागतो.

सोजर आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, तिथे एकटी राहते. "आलास का दिगू. लई ऊन हाय, आधी पाणी प्या," म्हणत तिने आम्हाला लिंबाखाली बसवलं. तिचं घर दोन खोल्यांचं आहे, वर स्लॅब. आत ज्वारीची पोती, शिलाई मशीन, देव आणि टीव्ही. तिची बाज मात्र अंगणात असते. पावसाळ्यात ती बाज पत्र्याखाली ओढते, पण आत नेत नाही.

उन्हं उतरल्यावर मुलांनी तंबू ठोकला. आत्या कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"हे कशापायी?"

"कॅम्पिंग, आजी," समर म्हणाला. "घर सोडून बाहेर झोपायचं. मजा असते."

"आस्सं. मंग म्या तर लई वर्सं कॅम्पिंग करून राहिले," आत्या म्हणाली आणि स्वतःच हसली.

मुक्ता हसली नाही. तिने विचारलं, "आजी, तुम्ही घरात का नाही झोपत?"

आत्या तिच्यासाठी शेंगा फोडत होती. तिने हात थांबवला नाही. "माझी कुसुम तुझ्याएवढीच व्हती. गणपती बुडवून आल्ते आमी, लई दमली व्हती. भायेर निजते म्हणत व्हती. गार वारं सुटलं व्हतं, म्हून म्याच आत निजवली. भित्ती दगडमातीच्या, वर माळवदाचं वझं. काय सांगू. म्याच निजवली."

मी हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण आत्या ते सांगते तेव्हा ती भूकंपाबद्दल बोलतच नाही, स्वतःबद्दल बोलते, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मुक्ता उठून तिच्या बाजेवर जाऊन बसली.

थोड्या वेळाने मुलं शेजारची शेळी बघायला गेली. आत्याला कुणीतरी सांगायला हवंच होतं, म्हणून मी म्हणालो, "आत्या, मुक्ताला लातूरला टाकतोय. फाउंडेशनला."

आत्याने चुलीवरून मान वर केली. "फाउंडेशन? जागा घेतलास व्हय लातूरला? बोलला न्हाईस ते."

"जागा नाही. क्लास असतो तो. आठवीपासून तयारी करून घेतात, पुढं डॉक्टर व्हायला बरं."

तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो शब्द तिच्या ओळखीचा होता. "आमचं फाउंडेशन भरलं तवा इंजिनेर रोज यायचा. पंधरा दीस म्या पाणी मारलं, घागरीनं. ओलं हाय तवर वर वीट ठिवू देत नव्हता तो. लई भांडले मी त्याच्यासंगं, आमाला घाई व्हती."

"ते फाउंडेशन वेगळं, आत्या."

"येगळं कसं आसंल? पायाच की." आणि वर्षाकडे वळून म्हणाली, "घाई करू नगा म्हणावं याला."

मी हसलो. वर्षा हसली नाही, ती भाकरी थापत राहिली. मी विषय बदलला आणि ठेच्यात मीठ कमी आहे असं काहीतरी बोललो.

दिवेलागणीला मुक्ता माझ्याकडे आली. तंबूत सगळं नीट लावून झालं होतं, वही बंद केली होती. म्हणाली, "पप्पा, मी ठरवलं."

"काय?"

"लातूर नको. मी नांदेडलाच शिकते. तुम्ही म्हणालात ना, बघून ठरवू. मी सगळं नीट बघितलं."

मी "बरं" म्हणालो. त्या "बरं"चा मला अजून राग येतो. मला म्हणायचं होतं, बरं, उद्या बोलू. ती अर्ध्यावरच मला बिलगली आणि समरला सांगायला पळाली. ती इतकी खूश होती की तिने आत्याच्या सगळ्या घागरी भरून ठेवल्या. वर्षा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "आत्ता सांगा. अहो, आत्ता." माझं धाडस झालं नाही. मुलगी हसत होती आणि ते मला मोडवलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण भीती होती. माझ्या गल्लीतली चार मुलं लातूरला आहेत. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, तुमची कुठं? मी आयटीआय करून उन्हात लोकांच्या गाड्यांखाली अर्धं आयुष्य घालवलंय. माझ्यामुळे ती मागे राहिली, असं कुणी म्हणेल याची मला भीती वाटत होती. तिचा विचार त्यात फार थोडा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तंबू मुक्ताने एकटीने उतरवला, झटकला, घडी घातली. "मीच ठेवते," म्हणून तिने डिकी उघडली. मी चहा टाकून धावलो, पण उशीर झाला होता. गोधडीखाली मी जे लपवलं होतं ते तिने बाहेर काढलं होतं. नवी गादी, तांब्या, मग आणि निळी बादली. बॅटरीवर वॉरंटीची तारीख टाकायला जो मार्कर वापरतो, त्यानेच मी बादलीवर तिचं पूर्ण नाव आणि रूम नंबर लिहिला होता. माझं अक्षर ती ओळखते.

"कधी लिहिलं?"

"मागच्या आठवड्यात."

"म्हणजे मी बघायच्या आधी," ती म्हणाली.

ती रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. तिने बादली जागेवर ठेवली, वर गोधडी पसरली, त्यावर तंबू ठेवला आणि डिकी आवाज न करता लावली. आत्याने निघताना तिच्या हातात शेंगांच्या लाडवांचा डबा दिला आणि गालावरून हात फिरवला. "घर झालं की मला बोलीव बरं का, लातूरचं."

"हो आजी," मुक्ता म्हणाली.

किल्लारी ते लातूर मुक्ताने वही उघडली नाही. वसतिगृहाचा तिसरा मजला, चार खाटा, खिडकीत बसवलेला कूलर, त्यामुळे खिडकी उघडत नाही. मॅडम स्वभावाने चांगल्या वाटल्या. फोन फक्त रविवारी, घरचं खाणं आठवड्यातून एकदा, असं त्यांनी समजावून सांगितलं. मुक्ताने बादली स्वतः उचलून नेली, मला हात लावू दिला नाही. वर्षा तिच्या गादीवर चादर घालत होती आणि ती चादर चार वेळा काढून पुन्हा घालत होती. खाली उतरताना समर म्हणाला, "ताईला घ्यायचं राहिलं." त्याला वाटलं आम्ही विसरलो. जिन्यात त्याला उचलून घेऊन मी खाली आलो.

चाकूरला चहा घेतला. तिथे काय मिळतं, कसं मिळतं, मला आठवत नाही, माफ करा. मागच्या सीटवर जागा झाली होती म्हणून समर पाय पसरून झोपला. नांदेडला संध्याकाळी सहाला पोचलो. एकूण तीन दिवस, जेमतेम चारशे किलोमीटर, एकदाही पंक्चर नाही.

बरेच जण विचारतात की लहान मुलांना घेऊन हा रस्ता जमेल का. जमेल. रस्ता चांगला आहे, खाणं स्वस्त आहे, किल्लारीची जुनी जागा मुलांना दाखवावी असं मला अजूनही वाटतं. मुलांशी खरं बोलून निघा, एवढंच सांगतो. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, असंही म्हणता येत नाही.

पहिले तीन रविवार मुक्ता फोनवर एकच विचारायची, "कधी न्यायला येताय?" मी काहीतरी सांगत राहिलो, चाचणी झाली की, पोळा झाला की. चौथ्या रविवारी तिने विचारलं नाही. मला हायसं वाटलं, आणि वाटलं याची लाज अजून गेलेली नाही. तिचे मार्क चांगले आहेत. मॅडम म्हणतात, शांत मुलगी आहे. घरी असताना ती शांत कधीच नव्हती.

गेल्या रविवारी मी मुद्दाम उत्साहाने म्हणालो, "दिवाळीत कुठं जायचं सांग. तू म्हणशील तिथं. वही काढ, रस्ता तू ठरव."

मागे कुठल्या तरी मुलीचा पाठांतराचा आवाज येत होता. मुक्ता म्हणाली, "तुम्ही तिघं जाऊन या, पप्पा. समरला मजा येईल."

तिच्या आवाजात राग नव्हता. पाहुण्यांशी बोलावं तसं ती नीट बोलली, सगळ्यांची चौकशी केली आणि वेळ झाली म्हणून फोन ठेवला. वर्षा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय म्हणाली?"

मी म्हणालो, "मजेत आहे."