पंख्याचं तोंड कस्टमरकडे

मॅडमनी माझ्या तोंडावरचा मास्क ओढून काढला. कानामागचं इलॅस्टिक तुटलं. आरशातून कस्टमर बघत होती.

"हे काय हॉस्पिटल आहे? कस्टमर घाबरतात अशाने." मग हसून त्यांनी खोक्यातून नवा मास्क काढला आणि तिला दिला. "तुम्ही लावा हं मॅम. थोडा स्मेल येतो."

घोडबंदर रोडवरचं हे पार्लर. आधी केसांना सरळ करायचं औषध लावायचं, मग तापलेल्या स्ट्रेटनरमध्ये एकेक बट दाबायची. दाबली की धूर निघतो. त्यासाठी खुर्चीजवळ छोटा पंखा. नियम असा, की पंख्याचं तोंड कस्टमरकडे. तिच्या चेहऱ्यावरचा धूर उडून जातो तो मागे उभ्या असलेल्या मुलीकडे.

तिथे आठ वर्षं माझी ताई उभी होती. ती गेली, आणि तिच्या जागी मी लागले. तेव्हा तिला जाऊन तीन महिने झाले होते.

खरं सांगायचं तर मी आधी ताईचाच हेवा करायचे. ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत मी पुस्तकात डोकं घालून बसलेली, आणि ती काळा युनिफॉर्म घालून एसीत जाणार. तिच्या कपड्यांचा वास मला श्रीमंतीचा वाटायचा. पुढे बीएस्सीला प्रयोगशाळेत बेडकाच्या बरणीचं झाकण उघडलं, तर तोच वास. फॉर्मालिन. घरी येऊन सांगितलं.

ताई म्हणाली, "अगं, तुझा बेडूक मेलेला असतो. माझ्या कस्टमर टिप देतात."

आम्ही दोघी हसलो. मी पुढे काही बोलले नाही. माझी फी तिच्या पगारातून जायची.

तर त्या दिवशी बटा दाबताना मला कस्टमरचा हेवा वाटत होता. केसांचा नाही. श्वासाचा. पांढरा मास्क तिच्या नाकापाशी सावकाश वरखाली होत होता. माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये रंगाच्या कारखान्यात होते. तिथल्या पिंपांवर कवटी छापलेली असायची. मला त्या कवटीचाही हेवा वाटला. आमच्या बाटलीवर स्ट्रॉबेरी होती.

डोळ्यांना धार लागली. कस्टमरने आरशात पाहिलं.

"अगं, रडतेयस का?"

मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "तिची बहीण गेली ना मध्ये. अजून सावरली नाहीये बिचारी."

"ओह, सो सॅड."

माझं दुःख त्यांनी असं सहज उचललं आणि धुरावर झाकण म्हणून ठेवलं. ताईसाठी मी तोवर रडले नव्हते. एकदाही नाही.

मी स्ट्रेटनर बंद केला.

"मी रडत नाहीये. हे औषध डोळ्यांत जातंय. ताई इथेच उभी राहायची. तिलाही असंच पाणी यायचं."

"काहीही काय बोलतेस? तुझ्या ताईने आठ वर्षांत कधी मास्क मागितला नाही."

"म्हणून मी मागतेय."

कस्टमर उठली. अर्धे केस सरळ, अर्धे कुरळे. "मला काही होणार नाही ना?" एवढंच विचारलं, तेही मॅडमना. आणि दाराबाहेर गेली. किती सोपं. उठायचं आणि जायचं. त्या क्षणी तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही.

माझं काम त्याच दिवशी गेलं.

घरी येऊन ताईची फाइल काढली. आधी दम लागायचा, मग फुप्फुसंच गेली. पहिल्या केसपेपरपासून शेवटच्यापर्यंत व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द. गृहिणी. 'पार्लरवाली' म्हटल्यावर लोक ज्या नजरेने बघतात, ती नजर तिला दवाखान्यात नको होती. ती म्हणायची, घरीच असते. समोरचा लिहायचा. डॉक्टरांनी विचारलं असेल, घरात चुलीचा धूर असतो का? ती खरं बोलली असेल. नाही.

त्या औषधानेच ती गेली हे मी सिद्ध करू शकत नाही. सिद्ध करायला कागदावर काही उरलंच नाही. फाइल मांडीवर होती. तेव्हा मी रडले.

आता डोंबिवलीच्या एका पार्लरमध्ये आहे. मास्क घरून नेते. खोकला माझ्यासोबत आलाय. गेल्या सोमवारी सरकारी दवाखान्यात गेले. खिडकीतल्या बाईंनी न विचारताच 'गृहिणी' लिहायला घेतलं.

"थांबा. पार्लरमध्ये काम, असं लिहा. केस सरळ करायचं औषध, रोज सहा तास."

"एवढं बसत नाही हो रकान्यात."

"समासात लिहा."

त्यांनी लिहिलं. मी वाचून बघितलं, मगच खिडकी सोडली.

येत्या सोमवारी पार्लरमधल्या दोघींना घेऊन जाणार आहे. एक आत्ताच म्हणतेय, "मी सांगेन घरी असते, कशाला उगाच." मी तिच्या शेजारी उभी राहीन. मागे रांग खोळंबली तरी चालेल. ती खरं काम सांगेपर्यंत मी तिला खिडकीवरून हलू देणार नाही.