पिकअपवरून उतरणारी खोली

माझ्या वर्कशॉपला तीन वास आहेत: कापलेल्या लोखंडाचा, रेड ऑक्साइडचा आणि उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहाचा. त्या सकाळी चौथा वास आत आला. ताज्या मेणाचा, आणि त्याच्या तळाशी गोवरीच्या धुराचा. मी ग्राइंडर बंद करायला सांगितले आणि दाराकडे पाहिले.

दारात एक मधपाळ उभे होते. नाव सुखदेव, गाव वरवट बकालजवळचे. हातात लग्नपत्रिका होती. तिच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने एक पिकअप काढलेली, तिच्या पाठीवर एक खोली, आणि खोलीला चार बारीक पाय.

"ताई, हे बनवाचं आहे," ते म्हणाले. "लाकडाचं मी करतो. माशांच्या पेट्या मीच बनवतो ना. लोखंडाचं तेवढं तुमी करा."

गफ्फारभाईंनी पत्रिका हातात घेऊन लांब धरली. ते आमचे हेड वेल्डर. माझ्या वडिलांच्या काळापासून शेडमध्ये आहेत, त्यामुळे त्यांना गप्प बसा असे कोणी म्हणत नाही.

"काऊन भाऊ, खोली पायी पाठवतं का शेतात?"

'काऊन' म्हणजे 'का'; गफ्फारभाईंची थट्टा नेहमी याच शब्दाने सुरू होते. सुखदेवभाऊ हसले नाहीत.

चिखलीच्या बाहेर माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. ट्रॉल्या, ट्रकच्या बॉडी, पाण्याचे टँकर ही आमची नेहमीची कामे. गाडीवर राहण्याची खोली कोणी मागितली नव्हती; आणि हवी तेव्हा उतरवता येईल अशी तर मी फक्त मोबाइलवर पाहिली होती. परदेशातले लोक अशा खोल्या सहलीला नेतात. सुखदेवभाऊंना सहलीला जायचे नव्हते.

मधपाळांचे वर्ष फुलांमागे फिरते. पावसाळ्यात तीळ आणि मका, मग सूर्यफूल, थंडीच्या शेवटी कांद्याचे बियाणे. कांद्याची फुले उमलली की बियाणेवाले शेतकरी पेट्या मागवतात, कारण माशा आल्याशिवाय बी नीट भरत नाही. मग पेट्यांसोबत माणसांनाही त्या शेतात दोन-दोन महिने राहावे लागते. सुखदेवभाऊ आणि त्यांची पत्नी पंचफुलाबाई बारा वर्षे ताडपत्रीच्या पालात राहिले. मागच्या भादव्यात, तिळाच्या शेतात, झोपेत पंचफुलाबाईंना मण्यार साप चावला. त्या वाचल्या. पण त्यानंतर जमिनीवर अंथरूण घातले की त्या रात्रभर बसून राहत.

"घरी झोपते, खाटेवर," सुखदेवभाऊ म्हणाले. "शेतात न्या खाट, तं म्हणते, साप पालाच्या फटीतून येईन अन् खाटेच्या पायानं चढीन. शंभर पेट्या माह्या एकट्यानं होत नाई. जळगाव जामोदचा एक जण पेट्या इकत मागून राह्यला. कांद्याच्या हंगामाले ही आली नाई, तं देऊन टाकतो."

पत्रिकेवरच्या चार पायांचा अर्थ मला तेव्हा कळला. पिकअप रोज लागणार: पाणी आणायला, पेट्या हलवायला, मध पोचवायला. खोली कायमची चढवली तर गाडी अडकते. म्हणून खोली शेतात पायांवर उभी राहिली पाहिजे आणि गाडी तिच्या खालून निघून गेली पाहिजे. आमच्या भाषेत याला डिमाउंटेबल म्हणतात.

दुसऱ्या वेळी पंचफुलाबाई सोबत आल्या. त्यांनी ड्रॉइंग पाहिले नाही. एवढेच विचारले, "जमिनीपासून किती वर?"

"साडेतीन फूट."

त्यांनी तळहात कमरेच्या थोडा वर आडवा धरला आणि त्या उंचीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. जणू तिथे कोणी झोपले होते आणि त्याला जागे करायचे नव्हते.

पहिला वाद वजनावरून झाला. आपल्याकडे मजबूत म्हणजे जड. गिऱ्हाईक ट्रॉलीला लाथ मारून बघते. ट्रॉली हलली नाही तर समाधान. गफ्फारभाईंनी सवयीने जाड अँगल काढून ठेवले होते.

"हे नको. एक इंची चौकोनी पाइप घ्या, पातळ गेजचा."

"मॅडम, हे तं लग्नाच्या मंडपाले लावतेत. लोकं मले हसतीन."

"गाडी दीड टन उचलते, गफ्फारभाई. खोलीच एक टनाची झाली तर माणसे, पाणी आणि भांडी कुठे ठेवायची?"

"अन् मोडली तं?"

"मोडली तर माझे नाव सांगा."

"नाव तं तुमचंच आहे बोर्डावर. हसतीन मले."

तरी त्यांनी ऐकले, आणि त्या पातळ पाइपवर असे वेल्डिंग केले की सांध्यावरून बोट फिरवले तर अंगठीवरून फिरल्यासारखे वाटावे. पातळ पत्र्याला जरा जास्त वेळ ज्योत दाखवली की भोक पडते. साठीच्या हाताने त्यांनी एकही भोक पाडले नाही.

सुखदेवभाऊ तीन आठवडे शेडमध्येच होते. पाइपच्या चौकटीत ते प्लाय बसवत, दोन प्लायच्या मध्ये थर्माकोल भरत. ऊन आणि थंडी दोन्ही बाहेर राहावी म्हणून. पेटीच्या फळ्या जुळवणारा माणूस फट सहन करत नाही. दरवाजा बंद करून ते आत बसत, आणि उजेडाची रेघ दिसली की तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरत.

पाय माझ्याकडे होते. चारही कोपऱ्यांना बाहेरून स्क्रू जॅक. हँडल फिरवले की पाय लांबतो आणि खोली उचलली जाते. यात एक मेख असते. ओझे उतरू लागले की गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, सैल होतात आणि गाडीही खोलीसोबत वर येते. पाय त्याहून उंच व्हावे लागतात. मी तो हिशेब केला. पाय गाडीच्या रुंदीच्या बाहेर ठेवले. सगळी खोली मिळून सहाशे किलोंच्या आत बसली. शेडमध्ये ट्रायल घेतली: प्रत्येक पायाला दोन फेरे, मग पुढचा पाय, असे करत खोली सारखी वर गेली. सुखदेवभाऊंनी गाडी हळूच पुढे काढली. खोली उभी राहिली. स्पिरिट लेव्हलमधला हवेचा बुडबुडा मधोमध थांबला. गफ्फारभाईंनी आत जाऊन तीनदा उड्या मारल्या.

"हसतीन म्हणत होतो. घ्या, मीच हसून राह्यलो."

फेब्रुवारीत आम्ही खोली चिखलीपासून अर्ध्या तासावरच्या एका कांद्याच्या प्लॉटवर नेली. पांढऱ्या गोंड्यांचे शेत दूरवर पसरले होते. हवेत कांद्याच्या फुलांचा तो उग्र, गोडसर वास. पेट्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या. सकाळी दहाला खोली उतरवली. गाडी खालून निघाली. पंचफुलाबाई तीन पायऱ्या चढून आत गेल्या आणि भांडी लावू लागल्या. स्टीलचे डबे फळीवर टेकल्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. मला तो आवाज फार आवडला.

दुपारी एकच्या सुमारास वेगळा आवाज आला. एक डबा घसरला, मग दुसरा. मग सगळी फळी.

खोलीचा मागचा डावा पाय जमिनीत गेला होता. चार बोटे आत. आम्ही पाहत असतानाच तो आणखी उतरत होता, अगदी सावकाश.

पंचफुलाबाई खाली आल्या आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"हे बी जमिनीतच जाऊन राह्यलं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने नवऱ्याला म्हणाल्या, "मले चारच्या बसमधे बसवून द्या."

चूक माझी होती आणि ती समजायला मला एक क्षणही लागला नाही. ट्रायल मी काँक्रीटवर घेतली होती. खोलीच्या पायाखालची पट्टी तळहाताएवढी होती. काँक्रीटला ती पुरते. पण ही काळी जमीन, तीही दोन दिवसांपूर्वी पाणी दिलेली. टोकदार टाचेची चप्पल घालून चिखलात उभे राहिल्यासारखे ते होते. वजन कमी करण्यासाठी मी तीन आठवडे भांडले, आणि वजन जिथे टेकणार होते तिकडे पाहिलेच नाही. या जिल्ह्यात जन्मलेल्या बाईने काळ्या मातीला विसरावे, याला काय म्हणावे?

आम्ही जॅकखाली फळी घातली. फळी मधोमध तडकली. दगड घातला; तो कलंडला.

"सुखदेवभाऊ, मी खोली परत नेते. आठ दिवसांत दुरुस्त करून देते."

"आठ दिवसांत फुलं थांबतीन का, ताई?" ते बायकोकडे पाहत होते. माझ्याकडे नाही.

पेट्यांचे रिकामे स्टँड आधीच येऊन पडले होते. पंचफुलाबाईंचे हात रिकामे राहत नसावेत. बसची वाट पाहता पाहता त्यांनी एक स्टँड ओढला आणि त्याच्या चार पायांखाली चार वाट्या ठेवू लागल्या. मी विचारले, वाट्या कशासाठी?

"पाणी भरतो. मुंग्या चढत नाई." त्यांनी खोलीकडे मान वळवली. "अन् वाटी असली तं पायही रुतत नाई. तुमी एवढ्या शिकलेल्या, ताई, तुमच्या खोलीले वाट्याच नाई."

गफ्फारभाईंनी आणि मी एकमेकांकडे पाहिले.

"एवढ्या मोठ्या वाट्या कुठून आणाच्या?" ते म्हणाले. "परात घेतली तं चेपून जाईन."

शेतमालक इतका वेळ बाजूला उभे होते. त्यांनी गोठ्यामागे बोट केले. तिथे ट्रॅक्टरच्या नांगराचे झिजलेले तवे पडले होते. तवा म्हणजे माती पलटणारी जाड पोलादी थाळी, परातीएवढी रुंद आणि बशीसारखी खोलगट. धार गेली की लोक ते टाकून देतात, आणि पोलाद चांगले म्हणून भंगारात घालायचा जीवही होत नाही. मोजले. पाच होते.

खोली शेतात होती, म्हणून गाडी मोकळी होती. आम्ही चार तवे घेऊन चिखलीला धावलो. प्रत्येक तव्याच्या मध्यभागी चौकोनी भोक असते. गफ्फारभाईंनी त्यावर पत्र्याचा तुकडा जोडून ते बंद केले आणि पाय सरकू नये म्हणून पाइपचे एक कडे लावले. साडेचारला परत आलो. पंचफुलाबाई धुऱ्यावरच होत्या. बस गेली होती.

"चुकली का?" मी विचारले.

"गेली," त्या म्हणाल्या.

एकेक पाय उचलून आम्ही त्याच्याखाली तवा ठेवला. पंचफुलाबाईंनी चारही तव्यांत घागरीने पाणी ओतले. मी आत जाऊन लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध आला. तासाभराने पुन्हा पाहिले, तरी तिथेच. त्या चढल्या, डबे पुन्हा लावू लागल्या, आणि मी गाडीत बसले.

शेडमधली ट्रायल ही शेडचीच ट्रायल असते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये सगळ्यात खाली एक रेघ असते, आणि तिच्याखाली मी जमिनीचा प्रकार लिहिते. हे कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. मला ते धुऱ्यावर बसलेल्या बाईकडून कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी पंचफुलाबाईंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा बराच वेळ रिंग वाजली, आणि मग पलीकडून कुशीवर वळल्यासारखा खसफस आवाज आला. मी घाईने विचारत गेले: पाय खचला नाही ना, पाणी आहे ना तव्यांत, तुम्हाला झोप लागली का?

झोपेने जड झालेल्या, किंचित त्रासलेल्या आवाजात त्यांनी विचारले, "काऊन?"